दुर्बीण नसलेली रायफल आणि जिम कॉर्बेट

शिकारीच्या रायफलवर पहिली दुर्बीण कोणती, हा प्रश्न जिम कॉर्बेटना पडलाच नाही. १८७५ साली नैनितालला जन्म. लहानपणीची बंदूक ठासणीची, एक नळी फुटलेली, पितळी तारेनं आवळलेली. १९०७ मध्ये ४३६ बळी घेणारी चंपावतची वाघीण मारली, तेव्हा .२७५ रिग्बी भेट मिळाली. तिच्यावर साधी माशी. झाडीतले बार जवळचेच, तिथं दुर्बिणीची अडचणच झाली असती.

रुद्रप्रयागचा बिबट्या मात्र रात्री यायचा. अंधारात माशीच दिसेना! म्हणून रायफलला टॉर्च बसवला. १९२६ चा मे महिना, आंब्याचं झाड. टॉर्च लागला, बिबट्याच्या खांद्यावर माशी टेकली, बार झाला आणि टॉर्च विझला. १२५ बळी घेणारा बिबट्या मेला की पळाला? झाडावर बसून पहाटेची वाट पाहावी लागली. उजाडल्यावर तो खाली मरून पडलेला दिसला.