उघड्या दाराची खोली

सोलापूरहून पुण्याला जाताना दौंड मागे पडले की केडगाव स्टेशन लागते. मी कितीदा तरी तेथून डुलक्या घेत पुढे गेले असेन. पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन याच केडगावी आहे, हे मला कॉलेजात आल्यावर कळले.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकविले, आणि त्या माउलीने लेकीला. दुष्काळात आईवडील गेले. भावाबरोबर पायी भटकत त्या १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचल्या. तेथे त्यांच्या विद्वत्तेला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या मिळाल्या. १८८० मध्ये बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर विवाह, १८८२ मध्ये वैधव्य, पदरात लहानगी मनोरमा. त्याच वर्षी पुण्यात आर्य महिला समाज. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथेच त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुणे संतापले. पण इंग्लंडातल्या धर्मगुरूंनाही त्या सुखाच्या गेल्या नाहीत. साडी सोडली नाही, शाकाहार मोडला नाही आणि पटले नाही ते मत केवळ कुणी सांगितले म्हणून मानले नाही.

११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवांसाठी शारदा सदन निघाले. पुढच्या वर्षी ते पुण्यास आले. पुढे महर्षी कर्व्यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई येथल्याच पहिल्या विद्यार्थिनी. कुणाच्या धर्मात हात घालणार नाही, असे वचन रमाबाईंनी दिले होते. मुली आपापले सोवळे पाळीत. रमाबाई मात्र आपल्या खोलीत प्रार्थना करताना दार लावून घेत नसत. हळूहळू काही मुली आत येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने टीकेची झोड उठविली. १८९३ मध्ये रानडे-भांडारकरांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या.

येथे मी अडखळते. माझी आई आजही अंगठा उठवते. मला हाताला धरून शाळेत बसविणाऱ्या बाईंनी ज्या देवाला हात जोडले असते, त्यालाच मीही जोडले असते. विचारून-सवरून नव्हे, त्यांच्या मायेपोटी. तेव्हा रानड्यांची शंका मला अगदीच खोटी वाटत नाही. पण दार लावायचे म्हणजे तरी काय? ज्या समाजाने विधवेला कोपऱ्यात दडविले, त्यातल्याच मुलींसमोर शिकविणाऱ्या बाईने आपली श्रद्धा दडवायची? रमाबाईंना ते जमण्यासारखे नव्हते. दार उघडेच राहिले.

१८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या. १९०० च्या सुमारास गुजरातेतूनही आणल्या. त्यांच्यासाठी केडगावी शेते, विहिरी, माग, छापखाना उभा राहिला. ही संस्था उघडपणे ख्रिस्ती होती. ज्यांच्यासाठी वचन मागायला कुणीही आले नव्हते, अशा त्या बायका होत्या, हे मला राहून राहून आठवते.

शेवटची कित्येक वर्षे रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलाचे भाषांतर करीत होत्या; संस्कृतात वाढलेल्या या बाईंनी मराठी मात्र साध्या बाईला कळेल अशी धरली. १९२१ मध्ये मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाईही गेल्या. संपूर्ण बायबल १९२४ मध्ये मुक्तीच्याच छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविले ते तिथल्या बायकांनीच.