इतिहासाचार्य राजवाडे आणि आपल्या घरची दप्तरे

आपल्या ज्ञातीत कुलाभिमान पुष्कळ आहे. परंतु पणजोबांच्या वडिलांचे नाव विचारले तर बहुतेकांना गप्प बसावे लागते. शाळेत शिकवीत असता मुलांना हा प्रश्न आम्ही अनेकदा घातला, आणि उत्तर देणारा क्वचितच भेटला. म्हणून यंदाच्या स्मरणिकेत, ज्या पुरुषाने जुन्या कागदांच्या शोधात आपले आयुष्य वेचले, त्या कै. विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांचे चरित्र थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

राजवाडे यांचे गाव आजच्या रायगड जिल्ह्यातील वरसई. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले व काही काळ त्यांनी शिक्षकाचा पेशा केला. पत्नी तरुणपणीच निवर्तली. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. पदवीच्या बळावर सुखाची चाकरी सहज मिळाली असती. पण त्यांनी हिंडण्याचे व्रत पत्करले.

त्या काळी वाड्यावाड्यांतून मोडी कागदांचे रुमाल माळ्यावर पडून असत. काहींना वाळवी लागे, काही पावसाने भिजत, काही रद्दीत जात. राजवाडे गावोगाव जात, हाताने स्वयंपाक करून राहत आणि घरमालकांची मनधरणी करीत. वतनाच्या हक्काला बाध येईल, भाऊबंदकीचे जुने तंटे उकरले जातील, या भीतीने पुष्कळ जण दप्तर दाखवीतच नसत. तरीही १८९८ साली त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. त्यात १७५० पासून पानिपतच्या १७६१ सालापर्यंतची पत्रे होती. पुढे या मालेचे एकंदर २२ खंड झाले. ७ जुलै १९१० रोजी त्यांनी पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. स्वभाव मोठा करारी व तापट. पुढे मंडळाशीही मतभेद झाले आणि त्यांनी धुळे जवळ केले. तेथेच ३१ डिसेंबर १९२६ रोजी त्यांचा देहान्त झाला. त्यांचे कागद जपण्यासाठी धुळ्यास त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभे राहिले.

राजवाडे यांची दृष्टी केवळ राजांपुरती नव्हती. १९२४ साली त्यांनी महिकावतीची बखर संपादून प्रसिद्ध केली. उत्तर कोकणात कोणती कुळे कोठून येऊन वसली, त्याची हकीकत तीत आहे. आडनावे व ग्रामनामे यांच्या व्युत्पत्तीचा त्यांनी जमविलेला संग्रह त्यांच्या पश्चात कोशरूपाने निघाला. त्यांचे सर्वच सिद्धांत आज मान्य होत नाहीत, आणि ते साहजिकच आहे. परंतु कागद अस्सल आहे की नाही हे आधी पाहावे, मग विधान करावे, ही त्यांनी घालून दिलेली शिस्त टिकली आहे.

ही शिस्त आपणांस अवघड वाटेल. प्रत्येक घराण्याला आपला मूळपुरुष पराक्रमी हवा असतो. पण कोणा राजाने दिलेल्या सनदेची ऐकीव कथा आणि सावकाराच्या वहीतील आजोबांच्या कर्जाची नोंद यांत खरा वारसा ती नोंदच होय. तीत लाज कसली? त्या कर्जातूनच कोणाचे तरी शिक्षण झाले असेल.

जुनी घरे पाडून इमारती उठत आहेत, आणि माळ्यावरचे गाठोडे मजुराच्या पाटीतून उकिरड्यावर जात आहे. म्हणून ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती अशी: घरातील वृद्धांना बसवून नावे, गावे व साले उतरून घ्यावीत. वंशावळीत लेकी-सुनांची नावे, त्यांच्या माहेरच्या आडनावांसह, अवश्य घालावीत. आजवर ती गाळली गेली आहेत. त्र्यंबकेश्वर, नाशिक येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आपल्या वडीलधाऱ्यांच्या यात्रेची नोंद आहे काय, हे विचारावे. ऐकीव काय व कागदावरचे काय, हे निरनिराळे लिहावे. मोडी वाचणारे जाणकार आजही मिळतात, आणि खिशातील फोनने कागदाचे छायाचित्रही घेता येते.

राजवाडे दारी येऊन कागद मागत होते. आता दारी कोणी येणार नाही. गाठोडे आपणच सोडले पाहिजे.