पंडिता रमाबाई : श्रद्धेचे ऋण

महाराष्ट्राने आपली म्हणून गौरविलेल्या पंडिता रमाबाईंची जन्मभूमी कर्नाटक, याचे आम्हां बंगळूरकर मराठी मंडळींस विशेष अगत्य वाटावे. सह्याद्रीतील गंगामूळच्या अरण्यात, आजच्या चिकमगळूर जिल्ह्यात, २३ एप्रिल १८५८ रोजी त्या जन्मल्या. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीस संस्कृत शिकवून रोष पत्करला होता. त्याच मातेने ती विद्या कन्येस दिली. पुराणे सांगत, तीर्थे करीत हे कुटुंब देशभर हिंडले. पुढे दुष्काळाच्या फेऱ्यात आईवडील व बहीण गेली. उरलेली भावंडे १८७८ मध्ये कलकत्त्यास पोहोचली. तेथील विद्वानांनी रमाबाईंस ‘पंडिता’ म्हटले. १८८० मध्ये बंधू आणि १८८२ मध्ये पतीही निवर्तले.

१८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तथापि धर्मगुरू सांगतील ते मुकाट्याने मानणे त्यांना कधीच रुचले नाही. ईश्वरी प्रेरणा सद्सद्विवेकातून ऐकावी, मध्यस्थांच्या आज्ञेतून नव्हे, अशी त्यांची धारणा. त्यापायी ज्या धर्मभगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीही त्या निर्भयपणे वाद घालीत.

मायदेशी याची किंमत मोजावी लागली. १८८९ मध्ये मुंबईत काढलेले शारदा सदन पुढे पुण्यास आले. तेथील मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात, यावरून १८९३ मध्ये गहजब झाला. रानडे, भांडारकर यांच्यासारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. विश्वासाने मुली धाडणाऱ्यांची तक्रार अगदीच पोकळ होती, असे आम्हांस म्हणवत नाही. परंतु प्रार्थनेचे दार लावून घेणे हे बाईंच्या लेखी कृतघ्नपणाचे झाले असते.

१८९६ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. अमेरिकन मित्रांनी दिलेली दहा वर्षांच्या साहाय्याची मुदत संपत आली होती. उपासमार स्वतः भोगलेल्या बाईंनी हिशेब पाहिला नाही. आपल्याला वाचविले ते याचसाठी, असे मानून त्या निघाल्या आणि निराधार मुली व विधवा घेऊन परतल्या. पुण्याजवळील केडगावच्या माळावर ‘मुक्ती’ उभी राहिली. १९०० च्या सुमारास तेथे दोन हजारांच्या आसपास माणसे होती. शेती, विणकाम, छपाई तेथल्या बायकाच करीत. आंधळ्या मुलींनाही वाचावयास शिकविले जाई. १९१२ मध्ये कन्या मनोरमाबाईंनी गुलबर्ग्यास शाळा काढली. बंगळूरहून पुण्यास जाणाऱ्या उद्यान एक्सप्रेसच्या वाटेवर गुलबर्गा लागते, आणि दौंड सुटल्यावर केडगावही.

खेड्यातल्या बाईलाही समजेल अशा मराठीत बायबल आणावे, म्हणून त्या हिब्रू व ग्रीक शिकल्या. भाषांतरास वर्षे लागली. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाई वारल्या, तरीही काम चालूच राहिले. ५ एप्रिल १९२२ रोजी बाईंनी देह ठेवला. ते संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. त्याची छपाई मुक्तीतल्याच बायकांच्या हातची.