एका वर्षाच्या बोलीवर

१९३३ साली कमला भागवत मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी. परीक्षेत रसायनशास्त्र घेऊन पहिल्या आल्या आणि त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत संशोधनासाठी अर्ज केला. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही रसायनशास्त्रज्ञ, दोघेही याच संस्थेत शिकलेले. प्रवेश मिळणार हे घरात सगळ्यांनी धरूनच ठेवले होते. अर्ज नामंजूर झाला. संस्थेचे संचालक होते सर सी. व्ही. रामन. गुणांबद्दल त्यांची तक्रार नव्हती. अर्जदार मुलगी होती, एवढेच कारण पुरले.

कमलाबाईंनी बंगळूर गाठले आणि संचालकांच्या कार्यालयात ठाण मांडले. दिवस सत्याग्रहाचे होते. अखेर प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिले वर्ष परीक्षेचे, तोवर नियमित विद्यार्थी म्हणून नोंद नाही. मार्गदर्शक सांगतील तर रात्री उशिरापर्यंत काम करायचे. आणि त्यांच्या असण्याने मुलग्यांचे लक्ष विचलित होता कामा नये! हा अपमान त्यांना आयुष्यभर सलत राहिला, पुढे तो त्यांनी जाहीरपणे बोलूनही दाखवला. तेव्हा मात्र मुकाट्याने अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या.

आज गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठात किंवा चंद्रपूरच्या एखाद्या महाविद्यालयाच्या संशोधन केंद्रात रसायनशास्त्रात पीएचडी करू पाहणाऱ्या मुलीपुढेही अटी असतात. प्रवेशाची चाळणी, किमान १२ श्रेयांकांचे अभ्यासक्रमकाम, सल्लागार समितीपुढे वेळोवेळी प्रगती अहवाल, कमीत कमी ३ आणि एरवी जास्तीत जास्त ६ वर्षांची मुदत. पण या अटी मुलगा-मुलगी न बघता सर्वांना आहेत. उलट स्त्रियांना २ वर्षांची जादा सवलत आणि २४० दिवसांपर्यंत बाळंतपणाची रजा आहे. कमलाबाईंसाठी घातलेल्या अटी कोणत्याही नियमपुस्तकातल्या नव्हत्या.

मार्गदर्शक एम. श्रीनिवासय्या शिस्तीला कडक होते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातल्या आणि कडधान्यांतल्या प्रथिनांचा अभ्यास केला. विषय स्वयंपाकघरातला वाटतो, पण ज्या देशात बहुसंख्यांना प्रथिने मिळतात ती डाळीतूनच, तिथे डाळीत नेमके काय आहे हे कळणे गरजेचे होते. वर्ष संपले तेव्हा रामन यांचे समाधान झाले होते आणि त्यानंतर संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९३६ मध्ये कमलाबाई एम.एस्सी. झाल्या.

पुढचा मुक्काम केंब्रिज. तिथे आधी डेरेक रिश्टर आणि ते गेल्यावर रॉबिन हिल यांच्याकडे काम. सुरुवात बटाट्यापासून झाली. प्राण्यांच्या पेशी श्वसन कसे करतात, म्हणजे अन्नातली ऊर्जा ऑक्सिजनच्या मदतीने कशी मोकळी करतात, याचा उलगडा होत होता. त्या साखळीतला एक महत्त्वाचा दुवा म्हणजे सायटोक्रोम सी हे प्रथिन. वनस्पतींच्या पेशींमध्येही ते असते आणि तिथेही हेच काम करते, हे कमलाबाईंनी दाखवले. प्रबंध अवघा ४० पानांचा, वेळ लागला सुमारे १४ महिने. आजच्या जाडजूड बांधीव प्रबंधांच्या काळात हे वाचून कुणालाही हेवा वाटेल. १९३९ मध्ये पीएचडी मिळाली. विज्ञानात ही पदवी मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते.

त्यांच्या थोरल्या बहिणीच्या, दुर्गाबाई भागवतांच्या, नशिबात मात्र ही पदवी नव्हती. आदिवासींमध्ये फिरून संशोधन करताना खाण्यातून विषबाधा झाली, कित्येक वर्षे अंथरुणात गेली आणि पीएचडी राहून गेली.

परतल्यावर कमलाबाईंनी दिल्लीच्या लेडी हार्डिंज महाविद्यालयात आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेत काम केले. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी विवाह झाला आणि त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या. इथे पुन्हा कडधान्ये! कच्च्या वालासारख्या शेंगवर्गीय धान्यांत ट्रिप्सिन या पाचक रसाला अडवणारे घटक असतात. त्यामुळे ताटात प्रथिन असूनही अंगी लागत नाही. नीट शिजवल्यावर हे घटक बहुतांशी निकामी होतात. कोकणातले बिरडे किंवा आपल्याकडची पोपटाच्या शेंगांची भाजी पुरती शिजवण्यामागे हे रसायनशास्त्र आहे.

मग आली नीरा. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी हा विषय घेतला. ताडाचा किंवा शिंदीचा रस पहाटे उतरवला तर गोड असतो. ऊन चढले की यीस्टमुळे आंबू लागतो आणि त्याची ताडी होते. चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात शिंदी म्हटले की अनेकांना झाडाआधी नशाच आठवते. कमलाबाईंच्या प्रयोगशाळेला या ताज्या रसात अ आणि क जीवनसत्त्व व लोह मिळाले, आणि रस आटवून केलेल्या गुळातही ते बऱ्यापैकी टिकते असे दिसले. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुले आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांची प्रकृती सुधारली. या कामाला राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. त्याच संस्थेत संचालकपद मात्र त्यांना चार वर्षे उशिरा मिळाले.

निवृत्तीनंतर त्या ग्राहक चळवळीत रमल्या, भेसळ ओळखण्याबद्दल लिहीत राहिल्या. जून १९९८ मध्ये भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच काळात त्यांचे निधन झाले.