डॉक्टर जॉन विल्सन : पदवीचा अभ्यास आणि पवित्र शास्त्राचा पाठ

परभणी जिल्ह्यातील आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांतून मुले-मुली कॉलेजात जाऊ लागली, म्हणजे आईबापांच्या मनात दोन शंका उभ्या राहतात. इतिहास, तर्कशास्त्र व विज्ञान शिकून लेकराचा विश्वास डळमळणार तर नाही ना, ही पहिली. दुसरी अशी की, पदवीच्या परीक्षेत ज्याला गुण मिळत नाहीत, तो पवित्र शास्त्राचा अभ्यास कॉलेजात करावयाचा तरी कशाला? ह्या दोन्ही प्रश्नांशी ज्याने आपले सारे आयुष्य झुंज घेतली, त्या थोर पुरुषाचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

जॉन विल्सन ह्यांचा जन्म ता. ११ डिसेंबर १८०४ रोजी स्कॉटलंडातील लॉडर नावाच्या लहानशा गावी झाला. वडील शेतकरी होते. घरात देवभक्ती होती आणि अभ्यासाची गोडीही होती. चौदाव्या वर्षी मुलगा एडिंबरो येथील विद्यापीठात दाखल झाला. तेथे प्रथम भाषा, गणित, तत्त्वज्ञान व सृष्टिशास्त्र हे विषय आणि त्यानंतर धर्मशास्त्र, असा सुमारे आठ वर्षांचा अभ्यास त्यांनी पुरा केला. एकाच माणसाने न्यूटनचा सिद्धांत आणि पौलाची पत्रे सारख्याच मनोभावे अभ्यासावी, ह्यात त्यांस काही विसंगत वाटले नाही. पुढे हिंदुस्थानात त्यांनी जे केले, त्याचे बी येथेच पेरले गेले.

१८२८ साली त्यांस दीक्षा मिळाली, आणि त्याच वर्षी मार्गारेट बेन ह्या विदुषीशी त्यांचा विवाह झाला. १८२९च्या फेब्रुवारीत पतिपत्नी मुंबईस उतरली. आल्याबरोबर व्याख्याने देत न सुटता ती दोघे कोकणात बाणकोट व हर्णै येथे राहून मराठी शिकली. ज्या लोकांशी देवाविषयी बोलावयाचे, त्यांची भाषा व त्यांचे ग्रंथ आधी जाणले पाहिजेत, असा त्यांचा बाणा होता. संस्कृत, गुजराती व फारसी ह्या भाषाही विल्सन साहेबांनी अभ्यासिल्या. मोल्सवर्थ साहेबांच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १८५७ साली निघाली, तिला मराठी भाषेविषयीचा विस्तृत निबंध त्यांनीच लिहून जोडिला आहे.

मार्गारेट बाईंनी मुंबईत मुलींच्या शाळा काढिल्या. मुलींनी अक्षर गिरवावे हीच गोष्ट त्या काळी लोकांस नवलाची वाटे. परंतु हे काम करीत असता १८३५च्या एप्रिलात त्यांचे देहावसान झाले. विल्सन साहेब लहान लेकरांसह मागे राहिले. घाव मोठा होता; तरी त्यांनी काम सोडिले नाही.

ता. २९ मार्च १८३२ रोजी विल्सन साहेबांनी मुंबईत एक इंग्रजी शाळा उघडली होती. तीच वाढत जाऊन पुढे कॉलेज झाले. तेथे हिंदू, पारशी, मुसलमान व ख्रिस्ती मुले एकत्र बसत. गणित, भूगोल, इतिहास व तर्कशास्त्र ह्यांबरोबर पवित्र शास्त्राचाही पाठ होई, आणि तो लपूनछपून होत नसे. शाळेत मुलगा घालणाऱ्या प्रत्येक बापास ही गोष्ट आधीपासून ठाऊक असे. सरकारी शाळांत धर्माचा विषय नव्हता, म्हणून ज्यांस तो नको त्यांस दुसरी वाट मोकळी होती. विल्सन साहेबांचे म्हणणे इतकेच की, माणसाची बुद्धी वाढवावी आणि तो कोणाकरिता व कशाकरिता जगतो हा प्रश्न मात्र वर्गाबाहेर ठेवावा, हे अर्धेच शिक्षण होय. जे सत्य आहे त्यास शेजारच्या वर्गातील भूमितीचे भय नाही.

ह्या मताची किंमत त्यांस लवकरच मोजावी लागली. १८३९च्या मे महिन्यात धनजीभाई नौरोजी व होर्मसजी पेस्तनजी ह्या दोन पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला. मुंबईत एकच खळबळ उडाली आणि प्रकरण न्यायालयात गेले. आपणांवर कोणी बळजबरी केली नाही असे दिसून आल्यावर तरुण आपल्या इच्छेप्रमाणे राहण्यास मोकळे झाले. परंतु शाळेचे बाक ओस पडले. घाबरलेल्या पालकांनी मुले काढून नेली. त्या वेळी शास्त्राचा पाठ बंद करितो एवढे म्हटले असते, तर मुले परत येती. विल्सन साहेबांनी तसे म्हटले नाही. हळूहळू विद्यार्थी पुन्हा जमू लागले.

१८४३ साली विल्सन साहेब रजेवर मायदेशी गेले असता दुसरी कसोटी आली. शाळेतील ब्राह्मण विद्यार्थी नारायण शेषाद्री ह्यांनी त्याच वर्षी सप्टेंबरात बाप्तिस्मा घेतला. त्यांस तो रेव्हरंड रॉबर्ट नेस्बिट साहेबांनी दिला. नारायणरावांचा धाकटा भाऊ श्रीपत हाही मिशनऱ्यांच्या घरी राहावयास आला. परंतु तो अजाण वयाचा, म्हणून न्यायालयाने त्यास बापाच्या स्वाधीन केले. श्रीपतीस जातीत परत घ्यावे की नाही ह्यावर ब्राह्मणांत मोठा वाद माजला. बाळशास्त्री जांभेकरांनी प्रायश्चित्त देऊन त्यास परत घ्यावे ह्या पक्षाची बाजू उचलून धरिली. त्या आईबापांच्या दुःखाचा विचार आपणही केला पाहिजे. जाणत्या माणसाने विचारांती निर्णय घ्यावा हे योग्य. लेकराची गोष्ट निराळी आहे. न्यायालयाने हा भेद पाळिला, आणि आपणही तो पाळावा.

ह्याच १८४३ साली स्कॉटलंडातील मंडळीत फूट पडली. विल्सन साहेब व त्यांचे सोबती फ्री चर्चच्या बाजूस गेले. त्यामुळे मुंबईतील इमारत, ग्रंथ व साहित्य हातचे गेले, आणि शाळा नव्याने उभारावी लागली.

१८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. विद्यापीठाने परीक्षा घ्यावी, पदवी द्यावी, आणि शिकविण्याचे काम कॉलेजांनी करावे, अशी तेव्हाची व्यवस्था होती. धर्मश्रद्धेचा विषय परीक्षेत नसे. पण एखादे कॉलेज आपल्या वर्गात तो शिकवू इच्छील तर त्यास मनाई नव्हती. ही व्यवस्था विल्सन साहेबांस मान्य होती. विद्यापीठाच्या कामात त्यांनी मनापासून भाग घेतला, आणि १८६८ साली सरकारने त्यांस कुलगुरू नेमिले. मिशनरी असूनही सर्व धर्मांच्या विद्वानांस त्यांच्या न्यायबुद्धीचा भरवसा वाटे, हे ह्यावरून दिसते.

पण ह्याच व्यवस्थेतून नवी अडचण निघाली. बी. ए.च्या विद्यार्थ्यास गुणांची चिंता आणि शास्त्राच्या पाठास तर गुण नाहीत. पुष्कळांनी तो पाठ ऐकिला, पदवी घेतली, वकील, शिक्षक व अंमलदार झाले, आणि आपल्या वडिलांच्या धर्मातच राहिले. बाप्तिस्मा घेणारे थोडे. मग एवढे श्रम पाण्यात गेले काय? स्कॉटलंडात पैसे देणारे लोक हा प्रश्न विचारीत असत. गुण नसलेला अभ्यास जो करितो, तो केवळ जाणून घेण्यासाठी करितो. आणि असा अभ्यास मनात कोठवर रुजला हे पटावरील आकड्यांनी मोजता येत नाही. विल्सन साहेब शिकवीत राहिले.

ह्या शिक्षणाचे एक फळ आपल्या अगदी जवळ पडले आहे. परभणीहून मनमाडकडे जाणाऱ्या गाडीत बसले, म्हणजे सेलू व परतूर मागे टाकून जालना लागते. तोच शाळकरी नारायण पुढे रेव्हरंड नारायण शेषाद्री होऊन ह्या मुलखात आला. इंग्रजीत सभा गाजविणारा, युरोप-अमेरिकेपर्यंत मान पावलेला हा पंडित गावकुसाबाहेरील मांग व महार बांधवांच्या वस्तीत जाऊन बसला. निजाम सरकारचे दिवाण सर सालारजंग ह्यांजकडून जमीन मिळवून त्याने जालन्याजवळ बेथेल हे गाव वसविले, आणि तेथे उपासनामंदिर व शाळा उभारिल्या. १८९१ साली नारायणरावांचे निधन झाले. मुंबईच्या वर्गात पेरलेले गोदावरीच्या खोऱ्यात असे उगवले.

विल्सन साहेब ता. १ डिसेंबर १८७५ रोजी मुंबईत प्रभूमध्ये निजले. सेहेचाळीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी ह्या देशाची सेवा केली. १८८९ साली गिरगाव चौपाटीसमोर कॉलेजची नवी इमारत उभी राहिली. तिच्यासह ते कॉलेज आजही विल्सन साहेबांचे नाव धारण करीत आहे.

बंधुभगिनींनो, ह्या चरित्रापासून आपण काय घ्यावे? कॉलेजात गेलेला मुलगा सुटीत घरी येऊन शास्त्राविषयी अवघड प्रश्न विचारील, तेव्हा उपदेशकाने त्यास दटावू नये. त्यास जवळ बसवावे. येत असेल तेवढे उत्तर द्यावे, आणि न आल्यास आपणही ग्रंथ उघडून त्याजबरोबर शोधावे. मुलामुलींनीही गुण नाहीत म्हणून तो ग्रंथ पेटीच्या तळाशी ठेवू नये. विल्सन साहेबांनी प्रश्न विचारणाऱ्यांस कधी दाराबाहेर उभे केले नाही. आपली दारे तरी का लावून घ्यावी?