फुलाच्या आत दडलेले कूळ शोधणारे पंचानन माहेश्वरी

जयपूर, ९ नोव्हेंबर : वनस्पतीचे कूळ पान, फूल आणि फळ पाहून ठरविण्याची पद्धत जुनी आहे. मात्र बाह्यरूप फसवे निघाले तर निवाडा कशाच्या आधारे करावा, या प्रश्नाला ज्यांच्या संशोधनाने ठोस उत्तर दिले, ते वनस्पतिशास्त्रज्ञ पंचानन माहेश्वरी मूळचे जयपूरचे. ९ नोव्हेंबर १९०४ रोजी या शहरात त्यांचा जन्म झाला.

शालेय शिक्षणानंतर माहेश्वरी अलाहाबादच्या यूइंग ख्रिश्चन महाविद्यालयात दाखल झाले. तेथे विनफिल्ड डजन हे अमेरिकी प्राध्यापक वनस्पतिशास्त्र शिकवीत. १९२० मध्ये स्थापन झालेल्या भारतीय वनस्पतिशास्त्र संस्थेच्या उभारणीत डजन यांचा पुढाकार होता. त्यांच्या सहवासात माहेश्वरी यांना सूक्ष्मदर्शकाची गोडी लागली. १९२७ मध्ये त्यांनी एम. एस्सी. आणि १९३१ मध्ये डी. एस्सी. पदवी मिळविली. नावारूपाला आल्यावर त्यांनी गुरुदक्षिणेविषयी विचारले असता, आपण जे तुमच्यासाठी केले तेच तुम्ही आपल्या विद्यार्थ्यांसाठी करा, अशी अपेक्षा डजन यांनी व्यक्त केल्याचे सांगितले जाते. माहेश्वरी यांचे पुढील आयुष्य पाहता ही दक्षिणा त्यांनी पुरेपूर चुकती केली.

१९३० पासून आग्रा महाविद्यालयात अध्यापन केल्यानंतर ते काही काळ अलाहाबाद व लखनौ येथे होते. १९३९ मध्ये ते ढाका विद्यापीठात गेले. सपुष्प वनस्पतींचे भ्रूणविज्ञान हा त्यांचा विषय. बीजांडात भ्रूणकोश कसा तयार होतो, परागकण किती पेशींच्या अवस्थेत बाहेर पडतात, फलनानंतर भ्रूणाला पोसणारा भ्रूणपोष कसा वाढतो, याची नोंद जगभरातील संशोधकांनी ठेवली होती; पण ती विखुरलेली आणि अनेक ठिकाणी परस्परविरोधी होती. माहेश्वरी यांनी ती तपासली, चुकीची निरीक्षणे बाजूला काढली आणि भ्रूणकोशाच्या प्रकारांची सुसूत्र मांडणी केली. या परिश्रमातून १९५० मध्ये सपुष्प वनस्पतींच्या भ्रूणविज्ञानावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला आणि अनेक देशांतील विद्यापीठांत तो अभ्यासला गेला.

तत्पूर्वी १९४९ मध्ये कुलगुरू सर मॉरिस ग्वायर यांच्या निमंत्रणावरून माहेश्वरी दिल्ली विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख झाले होते. फाळणीनंतरच्या त्या काळात साधनांची चणचण होती. तरीही अल्पावधीत हा विभाग भ्रूणविज्ञानाचे जागतिक केंद्र बनला. १९५१ मध्ये त्यांनी वनस्पती आकारवैज्ञानिकांची आंतरराष्ट्रीय संस्था स्थापन केली आणि ‘फायटोमॉर्फॉलॉजी’ हे नियतकालिक सुरू केले.

या केंद्राची खरी कसोटी लागली ती उष्ण कटिबंधातील अरण्यात वाढणाऱ्या एका अपरिचित वनस्पतीमुळे. तत्कालीन फ्रेंच इंडोचायनाच्या वनसंपदेचा अभ्यास करणारे पॅरिसचे वनस्पतिशास्त्रज्ञ गान्येपँ यांनी ‘सार्कोपस’ नावाची नवी प्रजाती वर्णिली होती. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ मांसल पाय. काजूच्या बोंडाच्या टोकाला बी बाहेर असते, त्याप्रमाणे या वनस्पतीत फुगलेल्या मांसल देठावर फळ बसलेले असते. गान्येपँ आणि त्यांचे सहकारी बुरो यांना तिचे बीजांड उघडे वाटले, त्यात परागकक्ष आढळल्यासारखा वाटला आणि फुलाचे देठ सांधेयुक्त दिसले. पाइन, देवदार यांसारख्या अनावृतबीजी वनस्पतींची ही लक्षणे असल्याचे मानून १९४७ च्या सुमारास त्यांनी तिच्यासाठी ‘सार्कोपोडेसी’ हे स्वतंत्र कूळ कल्पिले आणि ते हिमालयात थुनेर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या यू वृक्षाच्या कुळाशेजारी ठेवले. ऑस्ट्रेलिया व आग्नेय आशियात झुडपे किंवा लहान वृक्षांच्या रूपात आढळणारी ‘एक्झोकार्पस’ ही जुनी प्रजातीही याच कुळात जावी, असे त्यांचे मत होते.

प्रश्न एका नावापुरता नव्हता. हे मत खरे ठरते, तर सपुष्प आणि अनावृतबीजी या दोन मोठ्या विभागांमधील सीमारेषाच पुसट झाली असती. चंदनाच्या कुळातील मानली गेलेली प्रजाती थेट दुसऱ्या विभागात गेली असती.

माहेश्वरी यांच्या विभागातील संशोधिका मानसी राम यांनी एक्झोकार्पसची फुले व फळे भ्रूणवैज्ञानिक पद्धतीने तपासली. रसायनात टिकविलेल्या कळ्यांचे मेणात बसवून अतिशय पातळ छेद घ्यायचे, ते रंगवायचे आणि क्रमाने पाहत वाढीची प्रत्येक पायरी जुळवायची, असे हे चिकाटीचे काम. १९५९ मध्ये त्यांचे निष्कर्ष ‘फायटोमॉर्फॉलॉजी’मध्ये प्रसिद्ध झाले. परागकोशाची भित्ती सपुष्प वनस्पतींसारखी होती, परागकण दोन पेशींच्या अवस्थेत बाहेर पडत होते, भ्रूणकोश सपुष्प वनस्पतींत सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारचा होता आणि भ्रूणपोष प्रारंभापासून पेशीमय होता. चंदनाच्या गणातील अनेक परोपजीवी वनस्पतींत बीजांडाची आवरणे लोप पावलेली असतात. ‘उघड्या’ बीजांडाचा उलगडा त्यातून झाला. एक्झोकार्पस चंदनाच्या कुळातच राहिली आणि स्वतंत्र कुळाची कल्पना मागे पडली. पुढे डीएनएवर आधारलेल्या वर्गीकरणानेही तिचे स्थान चंदनाच्याच गणात असल्याचे दाखविले.

उपवासाच्या शिंगाड्याबाबतही असाच वाद होता. शिंगाडा ‘ओनाग्रेसी’ कुळात गणला जात असे. त्या कुळात भ्रूणकोश चार केंद्रकांचा असतो, तर शिंगाड्यात तो आठ केंद्रकांचा आढळला. शिवाय भ्रूणपोष तयारच होत नव्हता. याही विषयावर मानसी राम यांनी १९५६ मध्ये लेखन केले आणि शिंगाड्याला स्वतंत्र कूळ देण्याच्या मताला बळ मिळाले. आजचे आनुवंशिक वर्गीकरण शिंगाड्याला मेंदी व डाळिंब यांच्या कुळात समाविष्ट करते. स्वतंत्र कूळ टिकले नाही, पण ओनाग्रेसीतून त्याला बाहेर काढण्याचा निर्णय योग्य ठरला.

माहेश्वरी भ्रूणविज्ञानाकडे वर्गीकरणाचा एकमेव निकष म्हणून पाहत नव्हते. बाह्यरूप आणि अन्य पुरावे यांच्या जोडीने हा साक्षीदारही तपासला जावा, ही त्यांची भूमिका होती. त्यांच्या विभागात पुढे परीक्षानळीतील परागण आणि फलन यांवर प्रयोग झाले. त्याच विभागात १९६४ मध्ये सिप्रा गुहा आणि माहेश्वरी यांचे पुत्र सतीशचंद्र यांनी धोतऱ्याच्या परागकोशांपासून अगुणित भ्रूण मिळविले. वाण सुधारणेच्या आधुनिक तंत्राचा तो पाया ठरला. उच्च माध्यमिक शाळांसाठी जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तक तयार करण्याच्या कार्यातही माहेश्वरी यांनी पुढाकार घेतला.

१९६५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो म्हणून निवडले. त्यानंतरच्या वर्षी, १८ मे १९६६ रोजी, दिल्लीत त्यांचे निधन झाले. त्यांनी घडविलेले विद्यार्थी पुढे देशभरातील विद्यापीठांत अध्यापन करू लागले. दुर्मीळ वनस्पतीचे संवर्धन तिच्या अचूक ओळखीपासून सुरू होते आणि त्या ओळखीचे एक विश्वसनीय साधन या जयपूरच्या सुपुत्राने भारतीय प्रयोगशाळेत रुजविले.