बंद दारांचा लुबिच

बर्लिनच्या एका ज्यू शिंप्याच्या घरी जानेवारी १८९२ मध्ये अर्न्स्ट लुबिच जन्मला. वडिलांचा बायकांच्या कोटांचा धंदा. मुलाने तो सांभाळावा अशी त्यांची इच्छा. पोरगा दिवसा दुकानाचे हिशेब लिहायचा आणि रात्री नाटकात काम करायचा. १९११ साली तो माक्स राइनहार्टच्या नाटक कंपनीत शिरला, मग सिनेमात, आणि १९२२ च्या अखेरीस मेरी पिकफर्डच्या बोलावण्यावरून थेट अमेरिकेत.

त्याचा 'द मॅरेज सर्कल' (१९२४) हा मूकपट बघाच. शहर व्हिएन्ना. मित्झी आपल्या मैत्रिणीच्या डॉक्टर नवऱ्यामागे लागते, त्या डॉक्टरचा भागीदार मैत्रिणीवर मरतो, आणि मित्झीचा प्रोफेसर नवरा घटस्फोटाचं निमित्त शोधत असतो. सुरुवातीलाच प्रोफेसर मोजा चढवतो, तर त्याला भोक! लग्नाची अवस्था तिथेच कळते. पुढे लुबिच कॅमेरा बंद दाराबाहेरच ठेवू लागला. आत काय चाललंय ते आपण ओळखायचं.

मग हाच गुंता त्याच्या घरात शिरला. पत्नी हेलेन आणि हान्स क्रेली यांचं जुळलं. क्रेली म्हणजे बर्लिनपासून त्याच्या पटकथा लिहिणारा जवळचा माणूस. १९३० मध्ये घटस्फोट झाला. बायको गेली, लेखकही गेला.

मला वाटलं होतं, यानंतरचे सिनेमे कडवट असतील. झालं उलटंच. 'ट्रबल इन पॅरडाइज' (१९३२) मध्ये एक चोर, त्याची चोरटी प्रेयसी आणि पॅरिसमधली एक श्रीमंत विधवा आहे, आणि तिघांतलं कुणीच वाईट नाही. चोर निरोप घेतो तेव्हा त्या विधवेसाठी आपलाच जीव हळहळतो.

१९३४ पासून हॉलिवूडची नीतिसंहिता कडक झाली. ती लिहिण्यात जेझुइट फादर डॅनियल लॉर्ड होते, म्हणजे आपलेच लोक. १९३५ मध्ये या सिनेमाला पुन्हा प्रदर्शनाची परवानगी नाकारली गेली. हेतू चांगला असेलही. पण माफ करायला शिकवणारा सिनेमाच पेटीत बंद झाला, हे मला पटत नाही.

त्याच वर्षी नाझींनी लुबिचचं जर्मन नागरिकत्व काढून घेतलं. १९४२ मध्ये त्याने वॉर्साच्या नटमंडळीवर 'टू बी ऑर नॉट टू बी' काढला. नट हॅम्लेटचं स्वगत सुरू करतो आणि प्रेक्षकांतला एक वैमानिक उठून त्याच्याच बायकोला भेटायला जातो. युद्ध तोंडावर, आणि नटाला दुःख कसलं, तर प्रेक्षक उठून गेल्याचं!

३० नोव्हेंबर १९४७ ला हृदयविकाराने लुबिच गेला. 'दॅट लेडी इन अर्मिन' अर्धा राहिला होता. ऑटो प्रेमिंजरने तो पुरा केला, पण पडद्यावर नाव लुबिचचंच ठेवलं.